कंदिलातला तंबोरा

आज जगात कुठेही चार शहाणी माणसं सभेला बसली की त्यांच्या बोलण्याखाली एक तंबोरा मंद घुमत असतो. हा शोध कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत लागला, असं पुस्तकांत छापलंय. छापू देत. खरी हकीकत अशी की एका यंत्राने मिरजेतल्या तंबोऱ्याला छताचा पंखा समजून हाकलून दिलं, आणि तंबोरा करणाऱ्याला त्याचा राग आला. मी तेव्हा समोरच्या ओट्यावरच बसलो होतो. टेलिफोन खात्यात सदतीस वर्षं तारा जोडल्यात, त्यामुळे कुठे काय तुटलंय ते मला जरा लवकर कळतं.

साल दोन हजार एकेचाळीस. तंतुवाद्यांच्या गल्लीत दस्तगीर सतारमेकरचं दुकान होतं. भीमेकाठचा भोपळा, तुणीचं लाकूड आणि दस्तगीरचे हात, एवढ्या भांडवलावर तिथे तंबोरे घडत. पण गिऱ्हाईक आटत चाललेलं. मिरजेला येऊन, मांडी घालून, चार तंबोरे छेडून पाचवा पसंत करणारे गवई म्हातारे झाले होते किंवा दस्तगीरच्या शब्दांत वरच्या मैफलीला गेले होते. जागेवर एका इलेक्ट्रिक स्कूटरवाल्याचा डोळा होता. एक जानेवारीपासून दुकान त्याला द्यायचं, असं दस्तगीरने जवळजवळ ठरवूनही टाकलं होतं.

आडवी आली त्याची एकुलती एक मुलगी, मेहजबीन. पुण्यात ध्वनियंत्रांच्या कंपनीतली नोकरी सोडून ती परत आली आणि बापासमोर उभी राहिली. "अब्बा, डिसेंबरपर्यंत चाळीस तंबोऱ्यांची मागणी आणते. नाही आणली तर पहिल्या स्कूटरला हार मी घालीन."

गेल्या दोन वर्षांत मिळून नऊ तंबोरे गेले होते, हे दस्तगीरने तिला बोटांवर मोजून दाखवलं. मग हो म्हणाला. भोपळा, लाकूड, तार काहीही त्याच्या हातात वळायचं. मुलीला नाही म्हणणं तेवढं जमायचं नाही.

इथे त्या गल्लीची एक रीत सांगायला हवी. तंबोरा एक माणूस घडवतो आणि त्यात प्राण दुसरा घालतो. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा कानशीने केसाच्या जाडीइतका घासायचा, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवायचा, कान लावायचा, पुन्हा घासायचं. बरोबर जमलं की एका तारेतून दहा तारांचा झंकार निघतो. ही जवारी. ज्याच्या हातात जवारी आहे त्याच्यापुढे घडवणाऱ्यानेही मान झुकवावी, असा तिथला शिरस्ता.

आणि दस्तगीरच्या घरात जवारीचा हात त्याच्या धाकट्या भावाचा, याकूबचा होता. याकूब समोरच्या घरात राहायचा, माझ्या भिंतीला भिंत लावून. दोघा भावांमध्ये अकरा वर्षं शब्द नव्हता. कारण काय, तर भोपळ्याच्या आत चिकटवायची चिठ्ठी. छापखानेवाल्याच्या सल्ल्याने दस्तगीर नव्या चिठ्ठ्या छापून घेऊन आला: 'दस्तगीर अँड सन्स, मिरज'. याकूबने ती हातात घेऊन वाचली. "भाई, तुला सन्स नाहीत," तो म्हणाला. "भाऊ होता." आणि गल्ली ओलांडून निघून गेला. गल्ली तेरा फूट रुंद आहे. मी मोजलीय.

काम मात्र थांबलं नाही. दस्तगीर घडवलेला तंबोरा सकाळी माझ्या ओट्यावर आणून ठेवायचा. तो आत गेला की याकूब येऊन उचलायचा. तिसऱ्या दिवशी तंबोरा प्राण घेऊन पुन्हा ओट्यावर हजर. चिठ्ठी नाही, निरोप नाही. अकरा वर्षं माझा ओटा म्हणजे त्या दोघांचं एक्स्चेंज होतं, आणि मी बिनपगारी ऑपरेटर.

तर मेहजबीनने दुकानात कंदील आणला. तेव्हा सभांसाठीचे संगणकाचे पडदे गेले होते आणि हे गोल यंत्र आलं होतं, दिवाळीतल्या आकाशकंदिलाएवढं. ते मधोमध टांगलं की रॉटरडॅमचा माणूस, डर्बनचा माणूस तुमच्याच जाजमावर प्रकाशाचे होऊन बसायचे. त्यांचं बोलणं आपल्या भाषेत यायचं, तेही त्यांच्याच आवाजात. गल्लीतल्या लोकांनी आठवड्याभरात त्याचं तंत्र पकडलं. कंदील लावला की पाहुणे येतात, चहा मात्र लागत नाही.

पहिल्या सभेला सात गिऱ्हाइकं आली. रॉटरडॅमला संगीतशाळा चालवणारी मार्लीस, डर्बनचे पिल्ले नावाचे वृद्ध साखर-कारखानदार आणि आणखी पाच. दस्तगीरने धुतलेला सदरा घातला, तंबोरा खांद्याला लावला आणि डोळे मिटून छेडायला लागला. दहा मिनिटांनी डोळे उघडले तर सातही जण मोठ्या आदराने त्याच्या बोटांकडे बघत बसलेले. पिल्ल्यांनी हळूच विचारलं की तारा जुळवून व्हायला अजून किती वेळ लागेल.

कुणाला काहीच ऐकू गेलं नव्हतं. मार्लीसने तरी सौजन्याने टाळ्या वाजवल्या. दस्तगीर उठला, सदरा काढून खुंटीला अडकवला आणि भोपळा कोरायला बसला. त्या दिवशी त्याच्या दुकानासमोरून जायची कुणाची छाती नव्हती.

संध्याकाळी मेहजबीन माझ्या ओट्यावर आली आणि आम्ही दोघांनी त्या कंदिलाची बुद्धी तपासली. बुद्धी सरळ होती. माणसाचं बोलणं सारखं वरखाली होतं. पंखा, फ्रीज, पाण्याची मोटर एका सुरात चालतात. तेव्हा जे बदलतं ते बोलणं, ते पुढे पाठवायचं. जे बदलत नाही तो कचरा, तो झाडून टाकायचा. आता तंबोऱ्याचा सगळा धर्मच न बदलण्याचा. त्यामुळे यंत्राने त्याला पंख्याच्या जातीत घातलं. झाडू बंद करून पाहिला, तर पिल्ल्यांचा कुत्रा, मार्लीसचं कपड्यांचं यंत्र आणि कुणाची तरी घोरणारी सासू असं सगळं आमच्या जाजमावर लोळायला लागलं. शिवाय प्रत्येक गावाहून आवाज थोडा मागेपुढे येतो. बोलण्यात ते चालून जातं. तंबोऱ्याचा मात्र त्याने चुरा होतो.

मी तिला खात्यातली एक गोष्ट सांगितली. पूर्वी फोन उचलल्यावर कानात येणारा बारीक गुणगुणाट आम्ही कधी दुरून पाठवत नसू, तो जवळच्या एक्स्चेंजमध्येच तयार करत असू. मेहजबीन ताठ बसली.

"अण्णा, जे बदलतच नाही ते सारखं पाठवायचं कशाला?"

तिने घोडीखाली कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ पट्टी बसवली. पट्टी आवाज पाठवत नव्हती. ती फक्त सांगायची की घोडीचा माथा असा आहे, दोरा इथे आहे, तार इतकी ताणली आहे, आणि बोट आत्ता पडलं. एवढ्या वर्णनावरून प्रत्येकाच्या घरचा कंदील तिथल्या तिथे तोच तंबोरा उभा करायचा, आणि सगळे कंदील आपापली घड्याळं जुळवून एकाच क्षणी झंकारायचे. एक अट होती. सभेत कुठेतरी खरा तंबोरा खऱ्या हाताने वाजत असायला हवा. दमट हवेने तार किंचित उतरते, बोट थकतं, पुन्हा सावरतं. ते बारीकसं हलणं नसेल तर पाच मिनिटांत कान विटतो.

दुसऱ्या सभेत दस्तगीरने पहिली तार छेडली आणि मार्लीस बसल्या जागी दचकली. मग तिने डोळे मिटले. पिल्ले चष्मा पुसायला लागले. त्या दिवशी तीन तंबोरे गेले.

खरी गंमत पुढे झाली. मार्लीसच्या शाळेचे विश्वस्त तीन वर्षं छपराच्या दुरुस्तीवरून भांडत होते. त्यांच्या सभेत तिने चुकून तंबोरा चालू ठेवला. अठरा मिनिटांत छप्पर मंजूर. कुणी कुणाच्या बोलण्यात घुसलं नाही. याचं शास्त्र मी असं लावतो: दूरच्या सभेत आवाज मागेपुढे येतो, म्हणून समोरच्याचं वाक्य संपलं की तो श्वास घेतोय हे कळत नाही आणि दोघं एकदम सुरू होतात. खाली एकच झंकार सगळ्यांना एकाच क्षणी ऐकू येत असला की श्वास आपोआप त्याच्या लयीला लागतात. माणसं रांगेत उभी राहिल्यासारखी बोलतात.

हे कळल्यावर तंबोऱ्याची गिऱ्हाइकं बदलली. पिल्ल्यांनी कारखान्यासाठी एक मागवला. एका इस्पितळाने मागवला, सफरचंदवाल्यांच्या एका संघाने दोन मागवले. ज्यांना सा आणि सायरन यांतला फरक ठाऊक नाही असे लोक दस्तगीरला तंबोऱ्याची लांबी विचारायला लागले. तो वैतागून म्हणायचा, हे गातात काय? मेहजबीन म्हणायची, अब्बा, हे ठराव पास करतात.

पण दोन महिन्यांनी तंबोऱ्याने आपला दुसरा गुण दाखवला. खोटं बोलताना माणसाचा गळा किंचित आवळतो आणि आवाज केसभर वर चढतो. एरवी आपल्याला ते कळत नाही, कारण कशाच्या वर चढला ते बघायला खाली काही नसतं. आता होतं. बोलणं कितीही वरखाली हिंडलं तरी वाक्याच्या शेवटी घरी परत येतं, आणि तंबोरा चालू असला की ते घर षड्जाच्या शेजारीच असतं. खोटं बोलणारा घरी परतताना उंबऱ्याला ठेचकाळतो. पिल्ल्यांच्या भागीदाराने सांगितलं की बॉयलर शुक्रवारपर्यंत दुरुस्त होईल, आणि अकराच्या अकरा माणसांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिलं. मेहजबीनला कोल्हापूरकडचं एक स्थळ आलं. मुलगा कंदिलातून म्हणाला, बायकोने नोकरी केलेली मला चालेल. ते स्थळ तिथेच बारगळलं. एका गावच्या नगरपालिकेने तर सभागृहात तंतुवाद्य आणण्यास मनाई करणारा ठराव एकमताने मंजूर केला. गावाचं नाव सांगत नाही. मीही त्या दिवसांत दस्तगीरच्या दुकानात गप्पा मारायला जाणं कमी केलं होतं. लिहिताना बरं असतं, खाली काही वाजत नाही.

नोव्हेंबर संपता संपता तेवीस तंबोरे झाले. सतरा कमी. स्कूटरवाला रोज येऊन भिंतीचं माप घेऊन जायचा. आणि तेव्हा मार्लीसचा निरोप आला. तिचा नवरा बंदरात नोकरीला होता. जगातल्या चाळीस बंदरांचा मिळून एक संघ होता, आणि जहाज आधी कुणाचं यावरून त्यांची रोज सभा, म्हणजे रोज भांडण. वाजवायची पाळी रोज वेगळ्या बंदराची, म्हणून त्यांना प्रत्येक बंदराला एक असे चाळीस तंबोरे हवे होते, शिवाय दहा वर्षांची देखभाल. पाच डिसेंबरला सभा ठरली.

दस्तगीरच्या सभांना एक आठवा माणूस नेहमी असायचा. चेहरा न दाखवणाऱ्याची कंदील नुसती करडी सावली दाखवतो, तशी एक सावली कोपऱ्यात बसलेली असायची आणि खाली लिहिलेलं असायचं, मिरज. दस्तगीरने एकदा सभा चालू असतानाच विचारलं होतं की हे कोण. मेहजबीनने उत्तर दिलं, ऐकायला येतात, बोलत नाहीत. तंबोरा चालू होता आणि तिचा आवाज तसूभरही हलला नाही. दस्तगीरला वाटलं, तो मीच. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

पाच तारखेला जाजमावर पाय ठेवायला जागा नव्हती. चाळीस बंदरांची चाळीस माणसं, मध्ये मार्लीस, कोपऱ्यात ती सावली. मी दारात उभा होतो, शेजारी टेप घेऊन स्कूटरवाला. दस्तगीर तोच धुतलेला सदरा घालून तंबोरा छेडत होता. भोपळा कसा निवडतात, लाकूड किती वर्षं वाळवतात, सगळं त्याने रंगून सांगितलं. संघाच्या प्रमुख बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मेहजबीनचे कागद वाचले होते.

"तुमच्याच कागदात लिहिलंय की तंबोऱ्याचा प्राण जवारी," त्या म्हणाल्या. "दरवर्षी ती पुन्हा करावी लागेल. आम्हाला तो माणूस माहीत असायला हवा. जवारी कोण करतं?"

"मीच करतो," दस्तगीर म्हणाला. "दुसरं कोण करणार?"

वाक्य घरी परतलं आणि उंबऱ्याला ठेचकाळलं. चाळीस बंदरांनी ते ऐकलं. मार्लीस आपल्या हातांकडे बघत राहिली. मेहजबीनने मान खाली घातली. सतरा तंबोरे, दुकान, तिचं वर्ष, सगळं त्या केसभर चढलेल्या आवाजात अडकून लोंबत होतं.

दस्तगीरच्या कानांना पन्नास वर्षांचा सराव. त्याला सगळ्यांच्या आधी कळलं. बोटं थांबवली असती तर झंकार विरला असता, खाकरून, पाणी पिऊन तेच वाक्य त्याला पुन्हा म्हणता आलं असतं. खाली काही नसतं तर ते पचलंही असतं. मी त्याच्या बोटांकडेच बघत होतो. ती थांबली नाहीत. चौथी तार झाली, पुन्हा पहिली आली.

"माझा धाकटा भाऊ करतो," तो म्हणाला. "याकूब. पहिल्या दिवसापासून तोच करतो. मी त्याचं नाव चिठ्ठीवर घातलं नाही."

आवाज असा खाली येऊन षड्जावर बसला की घोडीने उचलून धरला. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी बोललं.

"भाई, तिसऱ्या तारेचा दोरा सरकलाय. मघापासून ऐकतोय."

सावलीत चेहरा उगवला. पांढरी दाढी, कपाळावर ढकललेला चष्मा, हातात कानस. याकूब. दस्तगीरने त्याच्याकडे बघितलं, मग तंबोऱ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"मग मघाशीच सांगायचं की."

"मघाशी विचारलंस कुठे?"

प्रमुख बाईंनी विचारलं की हे गृहस्थ कुठल्या शहरातून बोलत आहेत. मेहजबीन म्हणाली, समोरच्या घरातून. चाळीस बंदरं हसली. दोरा कसा सरकवायचा ते याकूबने तिथेच कंदिलातून सांगितलं, दस्तगीरने तो सरकवला, आणि तिसरी तार अशी बोलली की दारातला स्कूटरवाला हातातला टेप गुंडाळून निघून गेला. बाई म्हणाल्या, बंदरांना असेच लोक हवेत, ज्यांची चूक ऐकू येते आणि दुरुस्तही होते. चाळीसच्या चाळीस तंबोरे नक्की झाले.

आता कुणाला वाटेल की दोघं भाऊ धावत जाऊन गळ्यात पडले. मिरजेची माणसं एवढी घाई करत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी बोलायला लागले, पण कंदिलातून. याकूबचा आवाज माझ्या भिंतीपलीकडून निघायचा, आकाशात उपग्रहापर्यंत जायचा आणि तेरा फुटांवर दस्तगीरच्या जाजमावर उतरायचा. दोघं भांडायचेसुद्धा. नव्या चिठ्ठीवर कुणाचं नाव आधी यावरून आठवडाभर चाललं. दस्तगीर म्हणायचा तुझं आधी, याकूब म्हणायचा थोरल्याचं आधी. आणि खाली तंबोरा चालू, त्यामुळे दोघंही मनापासून म्हणतायत हे दोघांनाही कळायचं आणि भांडण मिटायचं नाही. शेवटी मेहजबीनने स्वतःचं नाव आधी घालून चिठ्ठ्या छापून आणल्या.

तंबोरे मात्र पूर्वीसारखेच माझ्या ओट्यावर येत राहिले. सवय.

एका सकाळी गटारासाठी खणताना पालिकेच्या यंत्राने केबल तोडली आणि सगळ्या गल्लीचे कंदील विझले. मी ओट्यावर चहा पीत होतो. दस्तगीर नवा तंबोरा दोन्ही हातांवर आडवा घेऊन बाहेर आला. माझ्यासमोर येऊन थांबला. मी कप उचलून त्याला नेहमीची जागा करून दिली.

त्याने ओट्याकडे पाहिलं, विझलेल्या कंदिलाकडे वळून पाहिलं, आणि पुढे गेला. याकूबचं दार लोटलेलंच होतं. त्याने ते पायाने ढकललं. आतून आवाज आला, "भाई, चौकट खाली आहे, भोपळा सांभाळ."

टेलिफोन खात्यातून मी एकदा निवृत्त झालो होतो. त्या सकाळी दुसऱ्यांदा झालो.